बैलाचा गुडघा कुठे असतो?

मुलांनो, आज एक अगदी सोपा प्रश्न. बैलाच्या मागच्या पायाचा गुडघा कुठे असतो?

"हे काय विचारणं झालं!" असं म्हणून तुम्ही लगेच बोट दाखवाल. मागच्या पायाच्या साधारण मध्यावर एक मोठा सांधा दिसतो. मागच्या बाजूला त्याला चांगलं टोक आलेलं असतं. तिथून पाय वाकतो, पण आपल्या गुडघ्याच्या अगदी उलट दिशेने. म्हणून तर म्हणतात ना, की माणसाचा गुडघा पुढे वाकतो आणि जनावराचा मागे! तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हे ऐकलं असेल. मोठी माणसंही अगदी खात्रीने सांगतात.

पण गंमत अशी, की तो गुडघा नाहीच. ती आहे बैलाची टाच!

खोटं वाटतं? मग एक प्रयोग करू. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहा. आता दोन्ही टाचा उचला आणि चवड्यांवर या. अजून थोडं वर, नुसत्या बोटांवर यायचा प्रयत्न करा. गुडघे जरासे वाकवा आणि कंबरेतून पुढे झुका. शेजारी आरसा असेल तर त्यात बाजूने बघा, नसेल तर ताईला बघायला सांगा. टाच जमिनीपासून वर गेली आहे आणि मागच्या बाजूला तिचं टोक आलं आहे. आता डोळे मिटून कल्पना करा, की टाचेपासून बोटांपर्यंतचं तुमचं पाऊल वीतभर नाही, चांगलं हातभर लांब आहे. आणि बोटांची नखं जाड, कडक होऊन त्यांनी बोटांची टोकं झाकून टाकली आहेत. झालं! तुमचा पाय बैलाचा झाला.

आपण पूर्ण तळपाय टेकून चालतो. अस्वलही असंच चालतं. कुत्रं, मांजर बोटांवर चालतात. गाय, बैल, म्हैस, शेळी, घोडा यांनी तर त्याच्याही पुढची मजल मारली. ही मंडळी जन्मभर नखांच्या टोकांवर उभी असतात!

आता खुब्यापासून खाली येऊ. तुमच्या पायात काय काय आहे? खुबा, मग मांडीचं हाड, मग गुडघा आणि त्याच्यावरची वाटी, मग नडगी, मग घोटा आणि टाच, मग पाऊल, मग बोटं. बैलाच्या मागच्या पायात याच क्रमाने हेच सगळं असतं. एकही सांधा जास्त नाही, एकही उलटा नाही. फक्त कुठलं हाड आखूड, कुठलं लांब, एवढाच फरक. बैलाची मांडी वर पुठ्ठ्याच्या मांसात दडलेली असते, म्हणून ती 'पाय' आहे असं आपल्याला वाटतच नाही. आणि खरा गुडघा? तो पोटाच्या खालच्या कडेशी, मांडी आणि पोट यांच्यामध्ये कातडीची घडी पडते ना, तिथे असतो. बैल चालत असताना त्या जागी नीट लक्ष द्या. कातडीखाली काहीतरी पुढेमागे सरकताना दिसेल. तीच गुडघ्याची वाटी. आणि हा गुडघा आपल्यासारखा पुढेच वाकतो.

आपल्याकडे एखाद्याला चिडवताना म्हणतात, 'याचा मेंदू गुडघ्यात आहे.' यापुढे बैलाच्या बाबतीत असं म्हणायचं असेल तर आधी नीट जागा बघून म्हणा!

पुढच्या पायाचीही अशीच फसगत होते. बैल उठताना आधी मागचा भाग उचलतो. त्या वेळी तो क्षणभर पुढच्या पायांच्या 'गुडघ्यांवर' टेकलेला दिसतो. पण पुढचे पाय म्हणजे आपले हात. तेव्हा तो टेकलेला असतो मनगटांवर! घोडा मात्र आधी पुढचे पाय समोर रोवतो आणि मग मागचा भाग उचलतो. कधी दोघांना उठताना पाहायला मिळालं तर जरूर पाहा. बसलेल्या बैलाच्या पायांच्या घड्या निवांत बघायच्या असतील तर नंदीसारखी दुसरी सोय नाही. नाशिकच्या मुलांनी मात्र पंचवटीतल्या कपालेश्वरासमोर नंदी शोधू नये. तिथे नंदी नाही, हेच त्या देवळाचं वैशिष्ट्य आहे. त्यासाठी त्र्यंबकेश्वराला किंवा सिन्नरच्या गोंदेश्वराला जा.

बोटं गेली कुठे?

आपल्या पायाला पाच बोटं. बैलाच्या पायाला खालून बघितलं तर खुराचे दोन भाग दिसतात. ही त्याची दोन बोटं, आपल्या भाषेत मधलं आणि त्याच्या शेजारचं. अंगठा पार नाहीसा झाला. उरलेली दोन अगदी लहान होऊन खुराच्या मागे, थोडी वर लटकतात. शेळीच्या पायामागेही असे दोन छोटे खूर दिसतील. ते जमिनीला सहसा टेकत नाहीत, पण चिखलात पाय रुतला की त्यांचा थोडा आधार होतो.

घोड्याने तर कमालच केली. चार बोटं सोडून दिली आणि एकट्या मधल्या बोटावर सगळा भार घेतला. घोड्याचा अखंड गोल खूर म्हणजे एकाच बोटाचं भलंमोठं नख. कुत्र्याच्या मागच्या पायाला बहुधा चार बोटं टेकतात. कधीकधी आतल्या बाजूला वर एक नुसतंच नख लोंबत असतं, तोच त्याचा अंगठा.

बोटं कमी झाली तशी पावलाची हाडंही एकमेकांना चिकटली. बैलाच्या टाचेपासून खुराच्या सांध्यापर्यंत नळीसारखं एकच लांब हाड असतं. खरं तर ती दोन बोटांच्या मागची दोन हाडं. वासरू आईच्या पोटात वाढत असतानाच ती जुळून एक होतात. पण त्यांची खूण राहते. हाडाच्या पुढच्या बाजूला मधोमध एक उभी रेघ असते आणि खालचं टोक दुभंगलेलं असतं. आपल्या नडगीशेजारी आणखी एक बारीक, पूर्ण लांबीचं हाड असतं. बैलात त्याचा मधला भाग नाहीसा झालेला आहे, वरखाली फक्त अवशेष उरले आहेत. आपण पाऊल आत-बाहेर कसंही वळवू शकतो. बैलाला ते जमत नाही. त्याचा पाय दाराच्या बिजागरीसारखा पुढेमागे हलतो. वळणं कमी, पण मजबुती जास्त. दिवसभर नांगर ओढायला हेच बरं.

खूर हे नख आहे म्हटल्यावर ते वाढणार आणि झिजणारही. डांबरी रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या बैलांच्या खुरांना लोखंडी पत्री ठोकतात, ती झीज थांबवण्यासाठी. बैलाच्या एका पायात खुराचे दोन भाग, म्हणून दोन पत्र्या, चार पायांच्या मिळून आठ. घोड्याला चारच नाल पुरतात. खिळा नखाच्या कडेच्या जाड भागातूनच जातो, म्हणून दुखत नाही. पण जरा आत गेला तर जिवंत भागाला लागतो आणि मग जनावर लंगडतं. ठोकणाऱ्याचा हात सरावलेला असावा लागतो तो यासाठी.

आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या डांगी बैलाचा उल्लेख इथे करायलाच हवा. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि शेजारच्या अकोले तालुक्यातला हा बैल. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके. या भागात पावसाळ्यात किती पाऊस पडतो ते तुम्हाला माहीत आहे. भातखाचरात तासन् तास चिखलात उभं राहायचं आणि मग दगडगोट्यांचा डोंगर चढायचा, असं याचं काम. याचे खूर काळे आणि गारगोटीसारखे कडक असतात, आणि कातडी तेलकट असल्यामुळे पाऊस अंगावर मुरत नाही. घोटीच्या बाजारात डांगी जनावरं येतात. घेणारे जाणते लोक आधी पायांकडे आणि खुरांकडे बघतात, शिंगं त्यानंतर!

कोंबडीलाही विसरायला नको. तिचा 'उलटा गुडघा' म्हणजेही टाचच. खवल्यांची पिवळी काडी दिसते ना, ते तिचं पाऊल. ज्यांच्या घरी कोंबडी शिजते त्यांना 'लेग पीस' ठाऊक असेल. तो हातात धरायचा तुकडा म्हणजे तिची नडगी आणि पोटरी. गुडघा त्याच्या वर, पिसांत लपलेला असतो. नांदूर मध्यमेश्वरला पाण्यात काड्यांसारख्या पायांवर उभे राहणारे पक्षी बघाल, त्यांच्याही बाबतीत हाच नियम.

घोट्यातली फिरकी

आता टाचेच्या सांध्याच्या आत डोकावू. आपल्या घोट्याच्या भागात सात हाडं असतात, कुत्र्याच्या सात, घोड्याच्या बहुधा सहा आणि बैलाच्या पाच. बैलात काही हाडं जुळून एक झाली आहेत. यातलं एक हाड मागे लांब निघतं, तेच टाचेचं टोक. त्याला वरून एक जाड दोरखंड येऊन मिळतो. आपल्याही टाचेच्या मागे तो हाताला लागतो, त्याला धोंडशीर म्हणतात. पोटरीचा स्नायू आखडला की धोंडशीर टाच वर खेचते आणि पाय सरळ होतो. टाच जितकी मागे लांब, तितकी ओढ जोरदार. विहिरीवरच्या रहाटाचा दांडा लांब असला की तो फिरवायला सोपा जातो, तसंच हे.

दुसरं हाड फार मजेदार आहे. गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या घोट्यातल्या या हाडाला वरच्या टोकाला कप्पीसारखी खाच असते आणि खालच्या टोकालाही तशीच खाच असते. एकाच हाडाला दोन कप्प्या! त्यामुळे घोटा भरपूर वाकतो, पण आडवातिडवा घसरत नाही. दोन कप्प्यांची ही घडण दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांची खास खूण आहे. घोड्याच्या हाडाला वर कप्पी असते, खालची बाजू मात्र सपाट.

या हाडाशी मुलं हजारो वर्षं खेळत आली आहेत. आपल्या आज्या सागरगोटे खेळायच्या, तसंच प्राचीन ग्रीसमधल्या मुली शेळ्या-मेंढ्यांच्या घोट्याची हाडं वर उडवून झेलायच्या. मंगोलियात हा खेळ आजही घरोघरी चालतो. हाड फेकलं की ते चारपैकी एका बाजूवर पडतं. त्या चार बाजूंना तिकडे घोडा, उंट, मेंढी आणि बकरी अशी नावं आहेत. म्हणजे फाशासारखंच. ही हाडं बोटाने टिचकी मारून नेमावर उडवायचाही एक खेळ तिथे आहे, आणि युनेस्कोने २०१४ साली त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली.

आणि या एवढ्याशा हाडाने शास्त्रज्ञांचा एक मोठा वाद मिटवायला मदत केली. देवमासा हा मासा नाही, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे, हे तुम्ही शिकला आहात. त्याचे पूर्वज जमिनीवर चालायचे. पण कोणत्या प्राण्यांचे हे नातेवाईक? २००१ साली पाकिस्तानात सापडलेल्या प्राचीन देवमाशांच्या पायांच्या हाडांचं वर्णन प्रसिद्ध झालं. त्या हाडांत घोट्याचं हाड होतं, आणि त्याला वरखाली दोन्ही टोकांना कप्पी होती! म्हणजे अथांग समुद्रातला देवमासा आपल्या गोठ्यातल्या गाईच्या गोतावळ्यातला निघाला. पुढे २००७ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातल्या 'इंडोह्युस' नावाच्या, मांजराएवढ्या प्राचीन प्राण्याच्या अभ्यासातून हे नातं आणखी पक्कं झालं. त्याच्याही घोट्यात तेच हाड!

लाथ कोणाची कुठे बसते?

बैलाचा पुढचा पाय धडाला हाडाने जोडलेला नसतो, हे सांगितलं तर विश्वास बसेल? आपल्याला गळ्याखाली हंसळीचं हाड असतं. गाय, बैल, घोडा यांना ते नसतं. त्यांची छाती दोन पुढच्या पायांमध्ये नुसत्या स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. मागचा पाय तसा नाही. मांडीच्या हाडाचा गोल डोका खुब्याच्या खोबणीत बसतो, ते कंबरेचं हाड पाठीच्या कण्याला घट्ट जोडलेलं असतं. म्हणून मागच्या पायाने दिलेला रेटा थेट कण्यात आणि तिथून जुवापर्यंत पोचतो. उसाने भरलेली गाडी चढावर निघते तेव्हा वजन पेलण्याचं जास्त काम पुढचे पाय करतात, पण ढकलतात मागचे. चढावर बैलाचे मागचे पाय कसे रोवले जातात ते बघा.

खुब्याच्या सांध्यात घोड्याला एक जास्तीचा चिवट पट्टा असतो. हाडांना हाडं बांधणाऱ्या अशा पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. या जादा अस्थिबंधामुळे घोड्याचा मागचा पाय बाजूला फारसा फाकत नाही. त्याची लाथ मुख्यतः सरळ मागे जाते. गाय-बैलाला हा पट्टा नाही. त्यामुळे गाय पाय पुढे आणून, बाजूला फिरवून लाथ मारू शकते. दूध काढणाऱ्याला बाजूला बसूनही लाथ का बसते, ते आता कळलं? म्हणून मुलांनो, घोड्याच्या मागे उभं राहायचं नाही, आणि गाईच्या मागेही नाही व मांडीच्या बाजूलाही नाही. अनोळखी जनावराजवळ जाताना त्याला दिसेल अशा बाजूने, बोलत बोलत जायचं. वर जे जे 'बघा' म्हटलं आहे, ते सगळं चार हात लांबून बघायचं, बरं का!

घोड्याची कडी आणि बैलाची कडी

घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो. लग्नाच्या वरातीआधी मांडवाबाहेर थांबलेली घोडी नीट बघा. मागचा एक पाय सैल सोडून नुसतं खुराचं टोक टेकवलेलं असतं आणि दुसऱ्या पायावर ती निवांत उभी असते. थोड्या वेळाने पाय बदलते. आपण असे एका पायावर उभे राहिलो तर पाच मिनिटांत मांडी थरथरायला लागेल. मग घोडीला कसं जमतं?

तर तिच्या गुडघ्यात कडी आहे. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन उंचवटे असतात आणि त्यांच्यामधल्या घळीतून गुडघ्याची वाटी वरखाली सरकते. आतल्या बाजूचा उंचवटा मोठा, वर फुगीर असतो. वाटीपासून खाली नडगीकडे तीन अस्थिबंध येतात. आपल्याला, कुत्र्याला, शेळीला एकच असतो. त्या तिघांपैकी आतला आणि मधला मिळून वाटीसह एक फासा तयार होतो. घोडा वाटी वर उचलून जरा आत वळवतो आणि तो फासा उंचवट्यावर अडकवतो, खुंटीला पिशवी अडकवावी तसा. गुडघा बंद! आणि घोड्याचा गुडघा व टाच पट्ट्यांनी अशी एकमेकांना बांधलेली आहेत, की गुडघा वाकला नाही तर टाचेचा सांधाही वाकू शकत नाही. म्हणजे एका कडीत अख्खा पाय खांबासारखा उभा. स्नायूंना जवळजवळ विश्रांती. निघायचं झालं की वाटी पुन्हा उचलून कडी काढायची. गाढ झोपेसाठी मात्र घोड्यालाही थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं.

आता गोष्ट येते बैलाची. गाय, बैल, म्हैस यांनाही असेच तीन अस्थिबंध असतात. पण त्यांनी ही कडी लावणं अपेक्षित नाही. ते बसून विश्रांती घेतात. तरीही काही जनावरांत वाटी चालता चालता वर जाऊन अडकते आणि सुटता सुटत नाही. मग मागचा पाय काठीसारखा ताठ होऊन मागे राहतो. खुराचं टोक जमिनीवर घासत जातं. चार पावलं गेल्यावर कडी एकदम सुटते आणि पाय झटका मारल्यासारखा वर उचलला जातो. सकाळी गोठ्यातून निघताना हे जास्त दिसतं. काही जनावरांत अधूनमधून, तर काहींत पावलोपावली. हाडाची घडण, अशक्तपणा, ढिले पडलेले स्नायू, जड काम, अशी याची कारणं पशुवैद्य सांगतात.

आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलाच्या घरच्या पवळ्याला हेच झालं होतं. खरिपाची कामं तोंडावर, आणि पवळ्या सकाळी गोठ्याच्या उंबऱ्यातच अडकायचा. मागचा उजवा पाय ताठ. मुलाचे वडील शाळेत आले होते, तेव्हा म्हणाले, "बाई, जनावराला बाहेरचं काहीतरी लागलंय. नाहीतर असा पाय कुठं झटकतो का?" शेजारच्यांचा सल्ला ठरलेला होता, टाचेवर डाग द्या! डाग म्हणजे लोखंडी सळई लाल करून कातडीवर टेकवायची. गावोगाव हा उपाय वर्षानुवर्षं चालत आला आहे. कितीतरी म्हाताऱ्या बैलांच्या पायांवर त्या गोल, केस नसलेल्या खुणा दिसतात.

आता विचार करा. बिघाड आहे गुडघ्यात, पोटाच्या कडेशी. आणि चटका द्यायचा दीड हात खाली, टाचेवर! कारण काय, तर झटका तिथे दिसतो आणि ताठ झालेला तो सांधा 'गुडघा' वाटतो. आणि समजा अगदी खऱ्या गुडघ्यावर डाग दिला, तरी आत अडकलेली वाटी चटक्याने खाली कशी येणार? जनावर वेदनेने चार दिवस पाय उचलून धरतं, जखम चिघळते, माश्या बसतात. मला तर हा उपाय म्हणजे मुक्या जिवाला उगीच दिलेली शिक्षा वाटते.

पवळ्याच्या नशिबाने त्या घरातली आजी खमकी होती. "आधी डॉक्टर बघू दे, मग तुमची सळई," असं तिने बजावलं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी पवळ्याला चार पावलं चालवून बघितलं. मग पोटाच्या कडेशी हात घालून वाटी चाचपली. पाय ताठ झाला की वाटी वर अडकलेली हाताला लागत होती. मुलगा शेजारी उभा होता, त्याच्याही हाताला त्यांनी ती लावून दाखवली. "डॉक्टरसाहेब, गुडघा इथं असतो?" असं त्याने मोठ्या आश्चर्याने विचारलं होतं, ते त्याने दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सगळ्यांना सांगितलं.

उपाय म्हणजे एक छोटी शस्त्रक्रिया. बैलाला दोरांनी नीट धरून, जागा भादरून स्वच्छ केली. तेवढाच भाग बधिर करायचं इंजेक्शन दिलं. मग लहानसा छेद घेऊन बारीक पात्याने आतल्या बाजूचा तो एक अस्थिबंध कापला. फाशाची एक दोरीच कापली, आता वाटी अडकणार कशाला? उरलेल्या दोन अस्थिबंधांवर गुडघा व्यवस्थित चालतो. काही मिनिटांचं काम. बहुतेक जनावरं उठल्यावर लगेचच नीट पावलं टाकू लागतात. पवळ्याही तसाच चालत गोठ्यात गेला. त्यानंतर जखम कोरडी ठेवणं, माश्या बसू न देणं आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस कामाला न जुंपणं, एवढं पथ्य. त्या वर्षी पोळ्याला त्याच्या शिंगांना सगळ्यात मोठे गोंडे होते, असं मुलाचं म्हणणं.

अशा बैलाला पूर्वी 'पाय गेला' म्हणून कवडीमोल भावाने बाजारात विकून टाकत. आजही काही जण तसंच करतात. एका जोडीवर अख्ख्या घराची शेती अवलंबून असते तिथे या छोट्या कापाची किंमत केवढी, ते शेतकऱ्यांच्या मुलांना सांगायला नको. मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आज राज्यात अशी आणखीही महाविद्यालयं आहेत. तिथे पहिल्याच वर्षी विद्यार्थी जनावरांची हाडं हातात घेऊन, एकेक खाच ओळखत शिकतात. एवढी घोकंपट्टी कशासाठी, असं वाटेल. पण कातडीवरून बोट फिरवून नेमका तोच पट्टा शोधायचा असतो, शेजारचा कापून चालत नाही.

पालकांसाठी थोडं. जनावर मागच्या पायाने लंगडलं म्हणजे प्रत्येक वेळी वाटीच अडकली असेल असं नाही. खुरात खिळा किंवा काटा असू शकतो. लाळ्या-खुरकूत रोगात खुरांच्या बेचक्यात फोड येतात आणि तोंडातून लाळ गळते. फऱ्या रोगात मांडी किंवा खांदा सुजतो, ताप येतो आणि सूज दाबली तर चरचर आवाज येतो. हा रोग फार झपाट्याचा, तिथे तासांचा हिशोब असतो. त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्यायची असते. म्हणून डॉक्टरांना बोलावताना नुसतं 'बैल लंगडतोय' एवढंच सांगू नका. पाय कोणता, वाकतो की ताठच राहतो, सकाळी जास्त की काम केल्यावर जास्त, सूज आहे का, असली तर खुराशी, टाचेशी, गुडघ्याशी की मांडीवर, तिथे हात लावला तर गरम लागतं का, हे आधी बघून ठेवा. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. फोनवर बोलताना मुलाला शेजारी उभं करा. टाचेला गुडघा म्हणालात, तर तो लगेच दुरुस्ती करील.